काचेला चिकटलेल्या पेशी

भिंगबाईने त्याला ओळखलं ते तोंडावरून नव्हे, नखांवरून.

छातीच्या विभागाबाहेरच्या बाकावर एक वाळलेला म्हातारा बसला होता. अंगावर शाल, गळ्यापर्यंत बटणं लावलेला सदरा, मांडीवर उताणे ठेवलेले हात. त्या हातांच्या पेरांत आणि नखांच्या कडेला सोनं अडकलं होतं, साबणाने न निघणारं. असं सोनं अंगावर वागवत दोनच प्रकारचे लोक फिरतात, एक चोर आणि दुसरा वर्ख ठोकणारा. हा दोन्ही आहे, असं तिचं कित्येक वर्षांपासूनचं ठाम मत होतं.

तिच्या हातातला चहा हिंदकळला. म्हाताऱ्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. ओळख पटली नाही. पटणार तरी कशी? त्याने तिला पाहिलं होतं ते टेबलाखाली बसून कागदाचे कपटे गोळा करणारी शेंबडी पोरगी म्हणून. आता ती पेशी तपासणारी डॉक्टर होती. दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायची, म्हणून सगळं इस्पितळ तिला भिंगबाई म्हणायचं.

हा वर्खमास्तर. सोन्याचा पत्रा चामड्याच्या घड्यांत घालून हातोडीने ठोकत ठोकत इतका पातळ करायचा की उजेडाला धरला तर आरपार हिरवट दिसावा. चित्रांच्या चौकटींना, पुस्तकांच्या पाठींना, घुमटांना लावायला लांबून लांबून लोक त्याचाच वर्ख मागवत. ठोकायचं काम पुरुषांचं. तो वर्ख चिमट्याने उचलून चामड्याच्या गादीवर ठेवायचा, फुंकर मारून सपाट करायचा, कापायचा आणि कागदात घालायचा, हे बायकांचं. सगळा खेळ त्या फुंकरीचा. जास्त झाली की वर्ख गोळा होतो, कमी पडली की सुरकुती राहते. आणि खोकल्याचं तर नाव काढायचं नाही. एक खोकला, की सकाळपासूनचं काम चुरगळून कोपऱ्यात. म्हणून त्या खोलीत पंखा नव्हता, खिडक्या बंद, आणि बायका खोकला गिळायला शिकायच्या. ओठ घट्ट मिटायचे, हनुवटी छातीला लावायची, खांदे दोनदा उडायचे, झालं.

तिची ताई त्या खोलीत कामाला होती. आई लवकर गेलेली, वडील असून नसल्यासारखे, म्हणजे घर ताईच्या फुंकरीवर चाललं होतं म्हणा ना. अशी फुंकर लाखात एकीला जमते, असं मास्तर चारचौघांत सांगायचा. शिकवलीही त्यानेच होती. मागे उभं राहायचं, खांद्यावरून तोंड पुढे काढायचं, गालाशी गाल न्यायचा आणि म्हणायचं, "अशी सोड. अशी." त्याचा स्वतःचा घसा तेव्हा कायम धरलेला असे. मधेच मागच्या खोलीत जाऊन तो उशीत तोंड खुपसून खोकायचा आणि बाहेर येऊन म्हणायचा, धूळ बसलीय जरा.

एका उन्हाळ्यात त्या कोंदट हवेत ताई गुदमरली. तिने खिडकी बोटभर उघडली. एक झुळूक आत आली आणि गादीवरचे वर्ख उठून भिंतीला जाऊन चिकटले. मास्तर ओरडलासुद्धा नाही. त्याने हातोडी आणली, खिडकीला खिळे ठोकले, आणि ठोकताना एकेक खिळा ताईच्या हातून मागून घेतला. टेबलाखाली बसलेल्या धाकटीला तेवढंच दिसत होतं, ताईचा हात वर जायचा आणि रिकामा खाली यायचा.

पुढे ताई खोकू लागली. गिळून गिळून किती गिळणार? मास्तरने तिला उंबरठ्यावरच थांबवलं. "खोकणारी बाई वर्खाच्या खोलीत चालत नाही," तो म्हणाला आणि दार लावून घेतलं. दवाखान्यात विचारलं, तुझ्या आसपास कोण खोकतं? ताईने मान हलवली, कोणी नाही. मास्तरांचं नाव कसं घ्यायचं! ताई गेली, आणि तिच्या रिकाम्या खाटेशी उभ्या असलेल्या धाकट्या बहिणीला औषध देणारा माणूस सहज बोलून गेला, "वर्खवाला मास्तर ना? तो इथंच औषध घ्यायचा की. जरा बरं वाटलं आणि मधेच सोडलं बघ. निरोप धाडले, फिरकला नाही."

त्या दिवशी तिने डूख धरला. मग ती शिकली, डॉक्टर झाली, क्षयाच्या रोग्यांच्या फुप्फुसातल्या पेशींच्या मागे हात धुऊन लागली. लोक म्हणतात, बाईंचा केवढा हा सेवाभाव! सेवाभाव कसला डोंबलाचा? उट्टं काढायचं होतं तिला. माणूस हाताला लागत नव्हता, म्हणून जंतूवर काढत होती. आणि आज माणूसच चालत आला होता.

"आजोबांच्या घशातून नळी घालून फुप्फुस धुऊन पाणी काढलंय," छातीचे डॉक्टर सांगायला आले. "फोटोत डाग आहे, पण बेडक्यात काही सापडत नाही. खोकून काढा म्हटलं तर नुसती थुंकी देतात. जन्मात खोकलेच नाहीत जणू! जंतू झटपट ओळखणारं यंत्र बंद पडलंय, जंतू वाढवून बघायचं तर महिना जाईल. तेव्हा आता तुमच्याच भिंगावर भिस्त. तुम्ही सांगितलंत तर आजच औषध सुरू करतो."

"ठेवा तिथं," ती म्हणाली.

प्लास्टिकच्या बाटलीत गढूळ पाणी होतं. त्यात काय असणार हे तिला न बघता माहीत होतं. फुप्फुसाच्या फुग्यांत पहारेकरी पेशी असतात, मोठ्या, खादाड. धूळ आली, जंतू आला, की धरला आणि गिळला. क्षयाचा जंतूही त्या गिळतात, पण तो पचत नाही. ज्या पोटात मरायचं त्याच पोटात तो आरामात बिऱ्हाड मांडतो. मग बाकीच्या पेशी चिडून भोवती गोळा होतात, एकीला एक चिकटून भिंत बांधतात, त्याला आत कोंडतात. भिंत टिकली तर माणूस जगतो. सडली तर फुप्फुसाला भोक पडतं, आणि ते भोक जंतूपेक्षा या चिडलेल्या पेशींनीच जास्त पाडलेलं असतं. कुंपणानेच शेत खाल्लेलं. हे ती दर वर्षी नव्या मुलांना शिकवायची आणि शिकवताना तिला कधी हसू यायचं नाही.

आणखी एक गोष्ट ती शिकवायची, जरा ओरडूनच. हे पाणी काचेच्या बाटलीत कधी ओतायचं नाही. त्या खादाड पेशींना काच परकी वाटते. तिला त्या जाऊन चिकटतात आणि बसतात. मग पाणी निथळून घ्याल तर हाती काही लागत नाही, आणि तुम्ही खुशाल लिहून मोकळे होता की रोगी ठणठणीत आहे. नवशिका हमखास ही चूक करायचा आणि तिच्या शिव्या खायचा.

भिंगबाई उठली. तिने दार लोटलं, फळीवरची काचेची बाटली काढली आणि सगळं पाणी तिच्यात ओतलं.

खोटं कशाला सांगा, तिला वाईट वाटलं नाही. उलट आतून गार गार वाटलं. बाटली तिने कोमट पेटीत आडवी करून ठेवली, चहा नवा मागवला आणि घोट घोट प्यायली. आता काही सापडणार नाही. औषध मिळणार नाही. पुन्हा नळी घालावी लागेल, तीही पुढे कधीतरी. तोवर खोकशील, मास्तर. गिळून बघ किती दिवस गिळता येतो. ताईने गिळला तसा. कोणी विचारलं तर? भिंगबाईला कोण विचारणार!

दुपारी तिने पाणी निथळून घेतलं, फिरकीच्या यंत्रात फिरवलं, तळाचा थेंब काचपट्टीवर घेऊन रंगवला. भिंगाखाली निळं आभाळ. ढग नाही, पाखरू नाही. बाटली तिने धुवायच्या भांड्यांत ठेवून दिली, छातीच्या डॉक्टरांना काही सापडलं नाही असं कळवलं आणि निकाल सांगायला स्वतः बाहेर गेली. एरवी ती कधी जात नसे. आज तिला त्याचं तोंड बघायचं होतं.

"आजोबा, पाणी नीट आलं नाही. पुन्हा नळी घालायला लागेल."

म्हाताऱ्याचा चेहरा पडला. "परत? अहो बाई, जीव पाण्यात बुडवून काढल्यासारखं होतं हो त्यात. दुसरं काही नाही का?"

"नाही."

"कधी मग?"

"तीन-चार आठवड्यांनी या."

ती त्याच्याकडे टक लावून पाहत होती. भरल्या ताटाकडे बघावं तसं. त्याने शाल सावरली, घशाशी काहीतरी आलं, ओठ मिटले, हनुवटी खाली, खांदे दोनदा उडाले. सुंभ जळाला तरी पीळ गेला नव्हता.

"म्हणजे आज काही निघालं नाही ना?" तो जरा हुशारला. "मग संध्याकाळी कामाला बसायला हरकत नाही. मोठं काम अंगावर आहे, घुमटाचं. सुनेला अजून फुंकर नीट येत नाही, तिला शेजारी बसून शिकवायला लागतं."

सून इतका वेळ त्याच्या मागे उभी होती, हातात पाण्याची बाटली आणि त्याच्या चपला घेऊन. पंचविशीची असेल. भिंगबाईने तिच्याकडे पहिल्यांदा पाहिलं.

"येईल हो, मामंजी," सून म्हणाली. "आता वर्ख फाटत नाही पूर्वीसारखा." आणि बोलता बोलता तिने ओठ मिटले. हनुवटी छातीला लागली. खांदे दोनदा उडाले.

"तुला खोकला आहे?" भिंगबाईने विचारलं.

"छे, छे!" सून घाईने म्हणाली. "आमच्याकडे खोकत नाही कोणी."

"कधीपासून आहे?"

सुनेने सासऱ्याकडे पाहिलं. "नाही हो, बाई. जरा धूळ बसलीय घशात."

भिंगबाई वळली. आधी भरभर चालली, मग पळत सुटली. आजवर तिला पळताना कोणी पाहिलं नव्हतं. तिने मास्तरला त्याच्या खोकल्यासकट कोंडलं होतं खरं, पण कोंडताना आत आणखी कोण आहे हे बघायचं राहून गेलं होतं. ताई त्याच खोलीत बसली होती. नवी ताई. आणि या खेपेला खिळा धाकट्या बहिणीने दिला होता.

मोरीपाशी भांडी धुणाऱ्या मावशी बाह्या सरसावून बसल्या होत्या. काचेची बाटली त्यांच्या हातात होती, जंतुनाशक पाण्याच्या बादलीवर धरलेली.

"मावशी, थांबा!"

"अगं बाई!" मावशी दचकल्या. "रिकामी आहे ही. काय ठेवलंय हिच्यात?"

"सगळं हिच्यातच आहे. द्या इकडे."

काचेला चिकटलेल्या पेशी थंडीने सैल होतात. तिने बर्फात गार केलेलं मिठाचं पाणी बाटलीत घातलं, बाटली बर्फात पुरली, बाहेर काढून तळहातावर आपटली, पुन्हा पुरली. रबराच्या दांडीने आतली कड खरवडली. बोटं बधिर झाली. सुटा गं, सुटा, ती पुटपुटत होती, तुमच्या पाया पडते. हळूहळू पाणी गढुळलं. तिने ते फिरवलं, पट्टीवर घेतलं, तांबडा रंग घालून तापवलं, आम्लाने धुतलं, निळा रंग दिला, आणि भिंगाला डोळा लावला.

होत्या. सगळ्या होत्या. मोठाल्या निळ्या पेशी, काही फाटलेल्या, आणि त्यांच्या पोटात तांबड्या काड्या, एकीत एक, एकीत जुडगाच्या जुडगा. गिळलेलं, न पचलेलं. ती बघत राहिली. तिला त्या पेशींचा राग आला, मग कीव आली, आणि मग स्वतःच्या रागाचीच लाज वाटली. पण राग काही गेला नाही. तो तसा जाणारा नव्हताच.

छातीचे डॉक्टर भिंगातून बघून म्हणाले, "भरपूर आहेत की! मग दुपारी काही नाही कसं म्हणालात?"

"काचेच्या बाटलीत ओतलं होतं."

"कोणी? चुकून?"

"मी. मुद्दाम."

त्यांनी खुर्ची मागे सरकवली. बाहेर बाकावर मास्तर कागद मिळेपर्यंत खोळंबला होता, आता कुठे चपला घालत होता. "हे मला वर सांगावं लागेल, बाई," ते म्हणाले.

"सांगा. आधी त्यांना थांबवा. आणि सुनेलाही तपासा. थुंकी घेऊ नका तिची, खोकायला लावा."

पुढचं वर जे काय व्हायचं ते झालं. भिंगबाईला भिंगापासून काही महिने दूर बसवलं, मुलांत कुजबूज झाली, तिने सगळं निमूट सोसलं. करावं तसं भरावं, यात तक्रार कसली? पण आरोग्यसेविका रोग्याचं घर आणि कामाची जागा बघायला निघाली, तेव्हा ही उठून तिच्याबरोबर चालू लागली. तिचं तिथं काही काम नव्हतं.

खोली तशीच होती. टेबलं तीच, गाद्या त्याच, कोंदट वासही तोच. बायका ओळीने बसलेल्या, ओठ मिटून. प्रत्येकीपुढे वर्ख पसरलेले, घुमटाचं काम संपत आलेलं, खोलीभर मंद पिवळा उजेड. शेजारच्या खोलीच्या दारात मास्तर खाटेवर बसला होता, तोंडाला फडकं, औषध सुरू झालेलं. सून त्याच्या उशाशी उभी होती. तिचंही औषध सुरू झालं होतं, पण घरातलं काम कुणाला चुकलंय?

"खिडक्या उघड्या पाहिजेत, हवा खेळती पाहिजे," आरोग्यसेविका बायकांना समजावू लागली.

"उघडू की," मास्तर गोड आवाजात म्हणाला. "एवढं काम कागदात गेलं की उघडू. दोन तासांचा तर प्रश्न आहे."

भिंगबाई खिडकीपाशी पोहोचली होती. खिळ्यांवर रंगाचे थर चढले होते, पण डोकी दिसत होती. तिने टेबलावरची पक्कड उचलली आणि पहिला खिळा धरला.

"ओ बाई! काय करताय?" मास्तर अर्धवट उठला. "वर्ख बाहेर आहेत!"

खिळा करकरत निघाला. तिने हात मागे केला. "धर," ती सुनेला म्हणाली. सून जागची हलेना. मग सासऱ्याकडे न बघता पुढे आली आणि तिने ओंजळ धरली.

"कोण तुम्ही?" मास्तर ओरडला. "कोण लागून गेलात?"

"लाखात एकीची बहीण," भिंगबाई म्हणाली. "टेबलाखाली बसायची ती."

मास्तरची नजर टेबलाखाली गेली. दुसरा खिळा सुनेच्या ओंजळीत पडला, तिसरा पडला. आरोग्यसेविका हलकेच म्हणाली, "बाई, दोन तास थांबूया का? सोनं आहे हो." थांबता आलं असतं. बायकांनी भराभर आवरलंही असतं. भिंगबाई थांबली नाही. शेवटचा खिळा उपटून तिने दोन्ही हातांनी खिडकी ढकलली.

वारा काही मोठा नव्हता. पण वर्खाला तेवढा पुरतो. सगळ्या गाद्यांवरचं सोनं एकदम उठलं, खोलीभर फिरलं, बायकांच्या केसांना, भिंतींना, छताला, मास्तरच्या ओल्या फडक्याला जाऊन चिकटलं. मास्तर दोन्ही हातांनी हवा पकडत होता. "माझं काम! अहो माझं काम!" त्याचा आवाज चिरकला, घशाशी आलेलं या खेपेला गिळलं गेलं नाही, आणि तो सगळ्यांदेखत वाकून वाकून खोकला. भिंगबाई बघत राहिली. तिच्या काळजाला थंडावा मिळाला, आणि ताईची खाट रिकामी ती रिकामीच राहिली.

तिच्या शेजारी सुनेचे खांदे उडाले. ओंजळ खिळ्यांनी भरलेली, गालावर सोन्याचा कपटा, ओठ घट्ट मिटलेले. तिने घाबरून भिंगबाईकडे पाहिलं.

"बाई," ती कशीबशी म्हणाली, "आता खोकलं तर चालेल का?"

भिंगबाईने तिच्या हातातले खिळे काढून घेतले आणि तिला खांद्याला धरून खिडकीच्या बाहेर तोंड करून उभं केलं.

"खोक, बाळा," ती म्हणाली. "पोटभर खोक."